एकही डाग नाही

केसरीनाथशेठ मढवींना रिकामी जागा बघवत नाही. वडप्याला त्यांच्या भाताच्या जमिनीवर आता सात गोडाउनं उभी आहेत आणि त्यांचं भाडं चौरस फुटावर येतं. त्यामुळे जमिनीचा असो की कागदाचा, कोरा तुकडा दिसला की त्यांना चैन पडत नाही. असा माणूस गाण्यांच्या स्वरलिपीचं पुस्तक छापायचं म्हणून माझ्या दुकानात आला, तेव्हाच मी शटर खाली ओढायला हवं होतं. पण मी त्यांना खुर्ची दिली आणि वर थंडही मागवलं.

ही दोन हजार पाच सालची गोष्ट. भिवंडीत एस.टी. स्टँडच्या मागे माझं ‘सई ग्राफिक्स’ होतं, म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि दिवसातून पाच तास लोडशेडिंग. लग्नपत्रिका, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्ट्या, साडीच्या बॉक्सवरची लेबलं आणि भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे बॅनर ही माझी साहित्यसेवा. स्वरलिपी मी जन्मात कधी लावली नव्हती. तसं शेठना सांगितलं, तर ते म्हणाले की आपणही जन्मात पुस्तक छापलेलं नाही, तेव्हा जोडी चांगली जमली.

पुस्तक त्यांच्या आईच्या धवल्यांचं होतं. आगरी लग्नात एकेका विधीला धवले गाणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. जानकीबाईंनी वडप्यापासून खारबावपर्यंत पन्नास वर्षं लग्नं लावली होती. आता त्यांच्या घशात गाठ निघाली होती. एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. बारा मे रोजी नातीचं, उन्नतीचं लग्न. म्हणजे घरच्या लग्नाला घरची धवलारीण मुकी.

दोन वर्षांपूर्वी शेठच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा जानकीबाईंचा आवाज ठणठणीत होता. शेठनी तेव्हा मांडवाच्या दोन्ही बाजूंना डीजेच्या भिंती उभ्या केल्या. म्हातारीने सगळे धवले गायले, आणि ते खुद्द नवरीलाही ऐकू गेले नाहीत. आता आवाज जाणार म्हटल्यावर शेठना अचानक समजलं की तो आपला सांस्कृतिक वारसा आहे. हा शब्द त्यांनी कुठल्यातरी सत्कारात ऐकलेला असावा, कारण तो उच्चारताना ते नकळत शाल सावरल्यासारखे खांदे हलवत.

जानकीबाईंचं मागणं एकच होतं. उन्नतीच्या लग्नात धवले नातसुनेने, निशाने, गावेत आणि नीट गावेत. तेवढं कानावर पडलं की मग आपण कायमच्या गप्प बसायला मोकळ्या, असं त्या म्हणाल्या होत्या. अडचण अशी की मांडवाबाहेर धवला गायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम होता. टेपरेकॉर्डर पुढे केला, तर त्यांनी त्याच्यावर टॉवेल टाकला. शब्द त्या नुसते बोलून दाखवायला तयार होत्या, आणि चाल तेवढी गुणगुणून. ते दोन्ही जोडायचं काम कागदाने करायचं. निशा कल्याणची, बी.कॉम., हार्मोनियमच्या तीन परीक्षा पास. परीक्षा दिलेल्या माणसांना होतं तसं तिला झालं होतं: समोर लिहिलेलं असलं तर काहीही गाईल, नसलं तर अंगाईसुद्धा नाही.

म्हणून शेठनी ब्राह्मणआळीतले अण्णा लिमये गाठले. अण्णांनी चाळीस वर्षं भिवंडीतल्या मुलांना हार्मोनियम शिकवली. त्यात दोन वर्षं मीही होते. तिसऱ्या वर्षी त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून, हिला टायपिंगला घाला, असा सल्ला दिला. माझं करिअर त्यांनीच घडवलं, तेव्हा आता त्यांच्या हातची स्वरलिपी माझ्याकडे टायपिंगला यावी, हे न्यायाचंच झालं.

अण्णांनी चार दुपारी वडप्याला पेटी नेऊन सोळा धवले पेन्सिलीने उतरवून आणले. स्वरलिपी म्हणजे दिसायला सोपी गोष्ट. सा, रे, ग, म ओळीने लिहायचे आणि त्यांच्या खाली गाण्याची अक्षरं. गंमत टिंबांत असते. स्वराच्या खाली टिंब असलं तर तो खालच्या सप्तकातला, डोक्यावर असलं तर वरच्या, आणि काहीच नसलं तर मधला. टिंब गेलं की स्वर मजला चुकतो. जानकीबाईंच्या धवल्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज सा-वरून खाली उतरायचा आणि तिथेच थोडा टेकायचा, त्यामुळे पानोपानी खालची टिंबं. अण्णांनी मोजली होती. सगळी मिळून दोन हजार तीनशे चाळीस.

माझ्या एकाही फॉन्टमध्ये असलं टिंब नव्हतं. मी पूर्णविराम उचलला, लहान केला, खाली ढकलला आणि एकेक करून प्रत्येक स्वराच्या पोटाखाली नेऊन बसवला. पहिलं प्रूफ अण्णांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले की टिंब म्हणजे कुंकवाचा टिळा नव्हे, नाजूक हवं. मी लहान केलं. ते म्हणाले, अजून. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलं होतं. आयुष्यभर ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ लावणाऱ्या बाईला एकदा तरी नाजूक काहीतरी करायचं असतं. शेवटी टिंब इतकं नाजूक झालं की ते आहे हे फक्त मला आणि अण्णांना माहीत. आम्ही दोघंही फार खूश होतो.

मग शेठ प्रूफ बघायला आले. मी प्रत्येक मात्रा एकाखाली एक उभ्या रांगेत लावली होती, ओळीच्या शेवटी श्वासापुरती जागा मोकळी ठेवली होती, आणि एक धवला समोरासमोरच्या दोन पानांत संपवला होता. पेटी वाजवणाऱ्याचा एक हात भात्यावर आणि एक पट्ट्यांवर असतो, मधेच पान उलटायला तिसरा हात कुणाला नसतो. शेठनी ती दोन पानं हातात धरून बराच वेळ पाहिली. नंतर बोट ठेवलं ते नेमकं श्वासाच्या जागेवर.

“म्याडम, येवरी जागा रिकामी? इथं काय येनार हाय?”

इथे निशा श्वास घेणार आहे, असं मी सांगितलं. श्वास घ्यायला जागा कशाला लागते, हे काही त्यांना पटेना. तासभर चर्चा झाली. श्वासाच्या जागा माझ्या शेजारी बसलेल्या अण्णांनी स्वरलिपीचे कागद घेऊन घरी जायची धमकी देऊन वाचवल्या. पण प्रत्येक धवल्याखाली अर्धं पान उरत होतं, ते शेठच्या ताब्यात गेलं. तिथे शुभेच्छुक आले. पहिल्या धवल्याखाली काल्हेरचे साडू, दुसऱ्याखाली मित्रमंडळ, तिसऱ्याखाली पांढऱ्या शर्टातले आठ जण आणि एक मोबाइल. भोवती कलश-नारळाची बॉर्डर, चार रंगांत. बॉर्डर जरा जरी सरकली तर एकही प्रत घेणार नाही, असं शेठनी बजावलं. स्वरांबद्दल त्यांनी काही बजावलं नाही.

तिकडे जानकीबाई हॉस्पिटलात भरती झाल्या. जाताना त्यांनी अण्णांकरवी मला निरोप पाठवला की पोरीला सांगा, नीट लाव. मी मान डोलावली आणि पुन्हा बॉर्डर तपासायला घेतली.

छपाई कल्याण रोडवरच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये होती. तिथला विठू प्लेट बनवायचा. मी ट्रेसिंग कागदावर पानं काढून द्यायची, तो त्यांवरून पत्र्याची प्लेट उतरवायचा, आणि ट्रेसिंगवर धूळ-कचरा असला तर त्याचे ठिपके प्लेटवर उठत, ते बारीक ब्रशने औषध लावून पुसायचा. भिवंडीत कापसाची तूस हवेतच असते, त्यामुळे ठिपक्यांना तोटा नाही. पुसण्यात विठूचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या प्लेटवरून निघालेला कागद धुतल्यासारखा असे.

लग्नाच्या चार दिवस आधी मी छापलेला पहिला कागद बघायला गेले. विठूचे डोळे लाल झाले होते. त्याने सांगितलं की आपण या लाइनमध्ये बावीस वर्षं आहोत, पण एवढी घाण एका पुस्तकात कधी पाहिली नव्हती. तीन दिवस तो पुसत होता. रेषा त्याने ठेवल्या होत्या, कारण रेषा कुणीतरी मुद्दाम मारलेल्या दिसतात. शब्दांवरचे अनुस्वारही जपले होते, कारण तो सातवी पास होता.

“शुभेच्छुकांच्या तोंडावरचेपन काढले, मॅडम. एक डाग दाखवा, हजार रुपये देतो.”

मी भिंग काढलं आणि बॉर्डर पाहिली. चारी रंग केसाएवढेही सरकले नव्हते. कलशावर नारळ बरोबर बसला होता. उभ्या रांगा सरळ, श्वासाच्या जागा जागच्या जागी, पान कसं मोकळं, स्वच्छ, देखणं. टिंब लावण्यात माझे तीन आठवडे गेले होते, आणि त्या पानावर एकही टिंब नाही हे मला दिसलं नाही. मी विठूला शाबासकी दिली. वर चहाही पाजला.

पाचशे प्रती हळदीच्या सकाळी मांडवात पोचल्या, तेही बाइंडिंगवाल्याच्या घरी दोनदा जाऊन बसल्यावर. निशाला त्याआधी काही मिळालं नव्हतं, कारण अपुरं काम दाखवायचं नाही हा अण्णांचा बाणा. तिने प्रत उघडून घाईघाईने पेटीवर ठेवली. जानकीबाई दोनच दिवसांपूर्वी घरी आल्या होत्या. गळ्याला पांढरी पट्टी, अंगावर नवं लुगडं, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेल्या. मागे धवल्याची ओळ ओढायला, म्हणजे तीच मागून लांबवून म्हणायला, जमलेल्या सात-आठ म्हाताऱ्या, समोर जात्यावर हळद. डीजे या वेळी बंद होता. त्या बदल्यात जिल्हा परिषदेचे एक माजी सभापती होते. त्यांच्या हस्ते पुस्तकाचं प्रकाशन झालं आणि व्हिडिओवाल्याने ते तीन वेळा करून घेतलं.

मग निशाने पेटीवर सा धरला आणि पहिला धवला सुरू केला. आवाज गोड होता. ओळ छान चालली आणि शेवटाला आली. तिथे सा-वरून खालच्या नि-वर उतरायचं होतं. निशाने समोर छापलं होतं ते गायलं. टिंब नसलेला नि म्हणजे सहा पायऱ्या वर. ती पोर घाबरली, पण परीक्षेची सवय, तिने तो नि किंचाळून का होईना गाठलाच. दुसरी ओळ, पुन्हा तेच. जिथे नवरीने डोळे पुसायचे तिथे ती दचकायला लागली. मागच्या म्हाताऱ्यांनी ओढायला तोंड उघडलं आणि मिटलं. जातं थांबलं. सभापती मान डोलावून शेजाऱ्याला म्हणाले की क्लासिकल आहे. शेठनी अभिमानाने मिशीवर हात फिरवला.

अण्णा पहिल्या रांगेत होते. त्यांनी आपल्या प्रतीला प्रकाशनासाठी बांधलेली रिबीन ओढून काढली, पान उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मीही तोवर पान उघडलं होतं. धुतल्यासारखं स्वच्छ. विठूचे लाल डोळे मला आठवले आणि तो तीन दिवस काय पुसत होता ते कळलं. दुकान आठ-नऊ किलोमीटरवर, तिथे वीज असेलच असं नाही, आणि मुहूर्त कुणाच्या प्रिंटरसाठी थांबत नाही.

तेव्हा माझं लक्ष जानकीबाईंकडे गेलं. त्या ओरडत होत्या. म्हणजे तोंड उघडत होतं, मानेच्या शिरा ताणत होत्या आणि आवाजाच्या जागी नुसती हवा येत होती. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं, सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. ओळीचा शेवट आला की त्यांचा उजवा हात मांडीवर जोरात खाली दाबला जायचा. खाली. खाली. मला इतकी लाज वाटली की मांडवातून पळून जावंसं वाटलं.

मी गेले ती निशाच्या शेजारी जाऊन बसले. पर्समधून बॉलपेन काढलं. पेटीवरच्या प्रतीत मी टिंबं द्यायला लागले. जानकीबाईंनी माझ्या हातातलं पेन पाहिलं आणि त्यांना काय समजायचं ते समजलं. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. पण निशा ओळ हळू गाई, त्यांचा हात खाली गेला की मी त्या स्वराखाली टिंब दिलं, वर गेला की डोक्यावर, आणि निशा तीच ओळ पुन्हा घेई. माझी टिंबं आता मुळीच नाजूक नव्हती, मसुराएवढी होती. दुसऱ्या ओळीला निशाचा आवाज खाली उतरला आणि जागेवर टेकला. मागून म्हाताऱ्यांनी लगेच ओढलं. जातं फिरायला लागलं.

पाचव्या ओळीत मी शहाणपणा केला. तिथलं टिंब मला पाठ होतं, डोक्यावरचं, अण्णांनी त्यासाठी माझ्याशी दोनदा वाद घातला होता. हात वर जायची वाट न बघता मी ते देऊन टाकलं. जानकीबाईंनी जोरजोरात मान हलवली. हात खाली. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा उठून आले, गुडघे धरत माझ्याजवळ सतरंजीवर बसले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

“गुणगुणताना तिथे त्यांना ठसका लागला होता. पुढचं मी माझ्या मनाने लिहिलं. खोड ते.”

चाळीस वर्षांत अण्णांच्या तोंडून असं वाक्य ब्राह्मणआळीने ऐकलं नव्हतं. मी खोडलं. म्हणजे आमची ती दोन हजार तीनशे चाळीस टिंबं जशीच्या तशी छापली गेली असती, तर निशाने चूक अगदी बिनचूक गायली असती आणि जानकीबाईंना मांडीवर हात आपटण्यापलीकडे काही करता आलं नसतं. विठूचे उपकार मानावेत की त्याच्या डोक्यात भिंग घालावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

दोन धवले असे झाले. तिसरा सुरू होणार तेवढ्यात शेठ व्हिडिओवाल्याला घेऊन पेटीजवळ आले. नातसून वारसा जपताना, असा शॉट त्यांना हवा होता. कॅमेरा पानावर आला आणि शेठचा चेहरा उतरला.

“म्याडम, येवऱ्या चांगल्या पुस्तकाला डाग पारले तुमी?”

मी उठून सांगायला लागले की हे डाग नाहीत, हेच खरं पुस्तक आहे. पण शेठना गोडाउनच्या भिंतीवर पानाची पिचकारी दिसली की जे होतं तेच झालं होतं. त्यांनी ती प्रत उचलून काखेत मारली, गठ्ठ्यातली नवी कोरी काढली, तिसरा धवला उघडून पेटीवर ठेवली आणि स्वतःच्या हाताने पान सपाट केलं. खाली पांढऱ्या शर्टातले आठ जण हसत होते. कॅमेरा सुरू झाला. मला पेन घेऊन पुढे जाता येईना, कारण मी शॉटमध्ये आले असते आणि शेठनी मला खांद्याला धरून मागे केलं होतं.

निशाने कोऱ्या पानाकडे पाहिलं. मग जानकीबाईंकडे. मला वाटलं, संपलं, आता ही लिहिलेलं तेवढंच गाणार आणि म्हातारी पुन्हा ते किंचाळणं ऐकणार. मी डोळे मिटून घेतले. अण्णांनी माझं मनगट धरलं होतं, ते त्यांनाही माहीत नसावं.

निशाने सा धरला. ओळ चालली, शेवटाला आली. आवाज खाली उतरला, थोडा टेकला, आणि मागून म्हाताऱ्यांनी तो उचलला. मी डोळे उघडले. जानकीबाईंचा हात मांडीवरून वीतभर वर उचललेला होता, दाबायच्या तयारीत, तो तसाच हवेत राहिला होता. पुढची ओळ आली. निशा पानाकडे बघतच नव्हती. ती त्या हाताकडे बघत होती आणि हात हलायच्या आधीच उतरत होती. तिसऱ्या ओळीला ती हाताकडेही बघेना, उन्नतीकडे बघून गायला लागली.

जानकीबाईंनी हात हळूच खाली घेतला आणि मांडीवर उताणा ठेवून दिला. त्यानंतर तेरा धवले झाले. हात पुन्हा वर आला नाही.

मी मांडवाच्या खांबाला टेकून रडत होते. शेठनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, डाग पाडल्याचा मला पश्चात्ताप झाला. मोठ्या मनाने त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं, एक स्वच्छ प्रत माझ्या हातात दिली आणि जेवून जायला सांगितलं.